मिलिंदनं काढलेल्या चुका

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. जुन्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचं नाव पडद्यावर दिसलं, मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मग मेसेज आला... ‘मिलिंद आज पहाटे वारला. तापाचं निमित्त झालं. वेळ मिळाला की फोन कर.’ मी तो वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि समोरच्या स्लाइडवर आणखी चार-पाच मिनिटं बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. कुणी काही प्रश्नही विचारला, मी उत्तरही दिलं. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. त्या चार-पाच मिनिटांची लाज मात्र अजून गेलेली नाही, आणि माझ्या लाजेच्या यादीत ती पहिल्या नंबरवरही नाही.

मिलिंद सत्तावीस वर्षांचा होता. कोळवणच्या अलीकडच्या एका वाडीतला. वडील लहानपणीच गेलेले, आई शांताबाईंनी दुसऱ्यांच्या खाचरांत भाताची लावणी करून त्याला शिकवलं, आणि तो हिंजवडीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झाला. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढणारा. या कामाला जो स्वभाव लागतो तो त्याच्याकडे जन्मजात होता. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं तरी आधी त्यातल्या चुका दिसायच्या त्याला. मी त्याच कंपनीत वर्षभराच्या करारावर होते. हिंगोलीहून आलेली, मल्टिमीडियाचा डिप्लोमा केलेली, आणि स्वतःला फार मोठी डिझायनर समजणारी. आज ज्याला यूएक्स म्हणायला लागलेत ते काम मला करायचं होतं. पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, माणूस कुठे अडखळेल, कुठे चुकेल, हे आधीच ओळखून मांडणी करायची. त्या वेळी आम्ही त्याला यूआय म्हणायचो आणि आमच्या कंपनीत त्याचा अर्थ ‘जरा रंग भर गं’ एवढाच होता. २००८ची दिवाळी झाली, मंदी आली, आणि करारावरची माणसं सगळ्यात आधी निघाली. मिलिंद राहिला. मी नेऱ्यातल्या, शेतात नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका इमारतीत दोन मैत्रिणींबरोबर राहत होते, तिथेच बसून नोकरी शोधायला लागले. बाबा शाळामास्तर. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, “मे अखेरपर्यंत बघ. नाही जमलं तर घरी ये, बीएडचा फॉर्म भरू.” बाबांचा शांत आवाज मला त्यांच्या रागापेक्षा जास्त घाबरवतो.

माझा पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाखतीत दाखवायची कामाची फाइल, बावीस पानांचा होता. गुळगुळीत कागद, काळी फाइल, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या खिशात, सोबत सीडी. त्यात एका काल्पनिक विमान कंपनीची वेबसाइट होती, एका काल्पनिक सराफाची होती, एक म्युझिक प्लेअर होता आणि त्याची बटणं काचेच्या गोळ्यांसारखी चकाकत होती. प्रत्येक चौकटीला सावली. मी खरंच जीव ओतला होता त्यात. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. तिन्हीकडे माणसांनी पानं उलटली, “कलर्स छान आहेत” म्हणाले, फोटोशॉप येतं का विचारलं आणि कळवतो म्हणाले. कुणी कळवलं नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मिलिंद चहाला भेटला. तो आठवडाभर नेऱ्यातच मावसभावाच्या खोलीवर असायचा आणि शनिवारी घरी जायचा. मी कौतुकाच्या अपेक्षेनं फाइल त्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडून पाहिली नाही. “दोन दिवस ठिवतो माझ्याकडं,” म्हणाला.

तिसऱ्या दिवशी फाइल परत आली, आणि तिच्यात एक छापील तक्ता होता. ऑफिसात चुका नोंदवायचा असतो तसाच. अनुक्रमांक, पान, काय आढळलं, गंभीर की किरकोळ. एकूण एकतीस नोंदी. पहिलीच होती: ‘सर्व पाने. या फाइलमध्ये एकही माणूस नाही. गंभीर.’ दुसरी: ‘पान ३ ते ९. विमान कंपनी. डिझायनर स्वतः कधी विमानात बसली आहे का? गंभीर.’ बसले नव्हते. सराफाच्या पानापुढे लिहिलं होतं, ‘दिसायला सुंदर. अडचण काय होती ते समजले नाही.’ आणि एकतिसावी: ‘पान २२. फोन नंबर फिकट राखाडी रंगात, बारीक. नोकरी द्यायची इच्छा झाली तरी देता येणार नाही. मला सापडायला दोन मिनिटे लागली. अतिगंभीर.’

मी भयंकर चिडले. आठ दिवस बोलले नाही. रूममेट्सना सांगितलं, की टेस्टर लोकांना सौंदर्य म्हणजे काय तेच कळत नाही, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटातले खडे वेचणारी जमात. नवव्या दिवशी चौथ्या कंपनीतून नकार आला आणि मी तो तक्ता परत काढला. एकतिसातल्या अठ्ठावीस चुका बरोबर होत्या. उरलेल्या तीनही बहुतेक बरोबरच असाव्यात, पण तेवढा मान मी स्वतःसाठी ठेवला. फोन केला तर हा एवढंच म्हणाला, “मग आता खरं काम करू या का एक? आमच्या फाट्यावर एसटीचा बोर्ड हाय. गंजून गेलाय, काय दिसत न्हाई त्यावर. त्यो कर नवीन.” मी म्हटलं, वेबसाइटचं काम मागतात तिथे एसटीचा बोर्ड काय दाखवू? “मान्सं तीच असत्यात,” तो म्हणाला. मी विचारलं, रविवारी तुझ्या गाडीवर येऊ? “गाडीवर न्हाई नेनार. एसटीनं ये. बोर्ड एसटीचा करायचाय ना?”

त्या रविवारी नेऱ्यातून चांदणी चौक, तिथे पाऊण तास उभी, मग पौड, तिथे पुन्हा उभी, असं करत मी दुपारी फाट्यावर पोहोचले तेव्हा अर्ध्या चुका तिथेच कळायला हव्या होत्या. कळल्या नाहीत. मी पंधरा दिवस खपून एक देखणं वेळापत्रक केलं. प्रत्येक मार्गाला वेगळा रंग, गावांची नावं अकारविल्हे, वेळा चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, आणि खाली बारीक अक्षरात तळटिपा. मोठ्या कागदावर छापून आणलं आणि बबनच्या चहाच्या टपरीच्या भिंतीवर चिकटवलं. मग मिलिंदनं मला समोरच्या पारावर बसवलं आणि बजावलं, “आता तू बोलायचं न्हाई. कुनी चुकलं तरी न्हाई. तू काय समद्यांच्या घरी जाऊन समजावनार हायस का?” गप्प बसणं हा माझा प्रांत नाही. पण बसले. मार्चच्या त्या उन्हात आम्ही दोन रविवार बसलो. तो वहीत लिहीत होता, मी ओठ चावत होते. माणसं यायची, माझ्या रंगीत कागदाकडे कौतुकानं बघायची आणि वळून बबनला विचारायची, “दुधाची गेली का रं?” “शाळंची यायचीय का?” “मुक्कामीला किती टाइम हाय?” मुक्कामी म्हणजे संध्याकाळी येऊन रात्री गावातच थांबणारी गाडी. एका आजोबांनी मात्र चष्मा लावून वाचलं. ‘१९.४०’वर बोट ठेवून म्हणाले, “एकोनीस रुपय चाळीस पैसं? तिकिट वाढलं व्हय?” मिलिंद खाली मान घालून हसत होता आणि हसता हसता लिहीत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर ही नुसती गंमत झाली असती. पण तो कागद भिंतीवर तसाच राहिला होता, आणि एप्रिल संपताना त्याच्या आई पौडला डोळे दाखवायला निघाल्या. एरवी त्याही बबनलाच विचारत, पण पोराच्या मैत्रिणीनं एवढा बोर्ड केलाय म्हणून त्यांनी त्या दिवशी बोर्डावर भरवसा ठेवला. शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. साडेदहाची गाडी लिहिली होती. सव्वा तास त्या उन्हात उभ्या राहिल्या. ती शाळेची गाडी होती आणि शाळेला सुट्टी लागली होती. ‘फक्त शाळा सुरू असताना’ हे मी लिहिलं होतं, खाली, तळटिपेत, बारीक अक्षरात. बबन त्या दिवशी लग्नाला गेलेला, टपरी बंद. त्या तशाच पायी घरी परतल्या आणि डॉक्टरांची ती तारीख चुकली. पुढच्या रविवारी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या. “तुजा काय दोस? शिकतीयास तू,” त्या म्हणाल्या, आणि मग सूप बाजूला ठेवून, “पर येवढ्या बारीक अक्षरात लिव्हल्यालं कुनाला दिसावं? डोळं दावायलाच निगाले हुते मी.” मिलिंद हसला नाही. मीही नाही. मला रडू आलं आणि त्याचं मला आणखी वाईट वाटलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

परत जाताना मी त्याला म्हटलं, हा बोर्ड विसरून जाऊ, पोर्टफोलिओत घालायला दुसरं काहीतरी शोधू. महिना उरला होता. तो फाट्यावर थांबला आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. “हेच घालायचं! पयल्या पानावर घालायचं. आई सव्वा तास उभी ऱ्हायली ते घालायचं, का उभी ऱ्हायली ते घालायचं. चूक झाकून नवीन बोर्ड दाखवलास तर तुझ्यात आन् त्या चकचकीत बटनवाल्यांत फरक काय?” मी म्हटलं, नोकरी मागायला जाताना कुणी आपली चूक पुढे करतं का? “मी रोज चुकाच बघतो,” तो शांत होत म्हणाला, “मला तरी चूक सांगनाऱ्याचाच भरवसा वाटतो.”

मग मे महिन्याचे तीन रविवार आम्ही ते काम केलं. नव्या बोर्डावर गाड्यांना त्यांची गावातली नावं दिली. पहाटेची, दुधाची, शाळेची, मुक्कामी. वेळा ‘संध्याकाळी पावणेआठच्या आत’ अशा, बोलण्यातल्या. शाळेच्या गाडीसाठी पत्र्याची वेगळी पाटी, खिळ्याला टांगलेली. सुट्टी लागली की बबननं ती उलटी करायची, मागे लाल अक्षरात ‘आज नाही’. ही पाटीची कल्पना मिलिंदची. पुन्हा पारावर गप्प बसलो. या वेळी एक बाई आली, बोर्डाकडे बघितलं, कुणालाही न विचारता सावलीत जाऊन बसली. मला आयुष्यात कुठल्याही बक्षिसाचा एवढा आनंद झालेला नाही. फाइल बावीस पानांवरून सहा पानांवर आली. सराफाच्या पानासाठी मी खूप भांडले. तो म्हणाला, “ठेव की. फक्त का केलंस ते दोन ओळीत लिही.” रात्रभर बसूनही दोन ओळी सुचल्या नाहीत. पान काढलं.

मे संपायला चार दिवस असताना हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखत झाली. समोर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी पहिलं पान उघडलं, वाचलं, आणि पुढचं पान उलटलंच नाही. “त्या बाई नंतर पौडला गेल्या का?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आठ दिवसांनी, मी सोबत गेले होते. पुढचा पाऊण तास आम्ही बोर्डाबद्दलच बोललो. फोटोशॉपचं नाव निघालं नाही. दोन दिवसांनी पत्र आलं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, “एसटीच्या बोर्डावर नोकरी मिळाली म्हणजे सरकारी आहे का?” मिलिंदला पेढे दिले तर त्यानं खोक्यावरच्या पत्त्यातली चूक दाखवली.

आता सांगायचं ते सांगते. या वर्षी फेब्रुवारीत, बोर्डाला तीन वर्षं होत आली तेव्हा, मिलिंद म्हणाला, की त्यालाही टेस्टिंग सोडून या कामात यायचंय. फाइल बनवलीय. “तू बघशील का? चुका काढ. तू काढल्याशिवाय मी कुटंच धाडनार न्हाई.” मी म्हटलं, म्हणजे काय, रविवारी बघते. त्यानं मेल केला. तो रविवार कामात गेला. मग बहिणीचं लग्न आलं, मग ऑफिसमध्ये नवीन प्रोजेक्ट. मला वाटायचं, मिलिंदच्या कामात काय असणार आहे चुका? माझ्या डोक्यात तो शिक्षक होता, आणि शिक्षकाची वही तपासायला कुणाला घाई असते? खरं सांगायचं तर त्यानं मला विचारलं हा मी माझा सन्मान समजले, त्याची गरज समजले नाही. जुलैमध्ये तो महाळुंग्याला एका मित्राच्या नव्या घरी भेटला. मी तो काही बोलायच्या आत माफी मागितली. म्हणाला, “घाई न्हाई गं. एके ठिकानी जागा हाय, सप्टेंबरपातूर घेनार हायेत. तवर बघ.” हसत म्हणाला. मी पुन्हा रविवार म्हटलं... सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला. घरच्या तापावरच्या गोळ्यांवर दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. ती फाइल माझ्या मेलमध्ये तशीच होती, न उघडलेली. त्यानं ती कुठेही पाठवली नव्हती.

विधीच्या दिवशी गर्दीत शांताबाईंशी बोलणं झालं नाही. तीन आठवड्यांनी एका रविवारी गेले. त्यांनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं, हिंगोलीच्या घरची चौकशी केली. मिलिंदविषयी काही काढेनात. मग एकदम म्हणाल्या, “त्याचं काम बघनार हुतीस तू. बघितलं का?”

मी खोटं बोलले. “बघितलं, आई. छान केलंय.”

“किती चुका निगाल्या?”

“चुका नाहीत. एकही नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. “मंग बघितलंच न्हाईस तू,” त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर होता, वर भरतकाम केलेला रुमाल. त्यांनी रुमाल काढला, बटण कुठलं ते त्यांना माहीत होतं, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून स्वतः शेजारी खाटेवर बसल्या. मी फाइल उघडली. चौदा पानं. तीन प्रोजेक्ट... आणि मला जे दिसलं त्यासाठी मी तयार नव्हते. काम कच्चं होतं. दुसऱ्याच्या कागदावरची रेघ न रेघ ओळखणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत नवशिक्यासारखा चुकला होता. प्रत्येक पानावर ‘आमच्या टीमने’, ‘सर्वांनी मिळून’. त्यानं स्वतः नेमकं काय केलं, ते कुठेही नव्हतं. फाट्यावरच्या बोर्डाचंही एक पान होतं. तिथे माझं नाव मोठ्या अक्षरात होतं, बबनचं होतं, आईंचंसुद्धा होतं. त्याचं नव्हतं. नोकरी देणाऱ्यानं हे वाचून विचारलं असतं, अहो, पण तुम्ही काय केलंत? एका दुपारचं काम होतं ते दुरुस्त करणं. एक रविवार. त्याला खरोखरच माझी गरज होती, आणि मी तो रविवार सात महिने दिला नाही.

“काय दिसलं?” आईंनी विचारलं.

“पहिली चूक,” मी म्हणाले. “यात त्यानं स्वतः काय केलं ते लिहिलंच नाही. पारावर कोण बसलं, वही कुणी लिहिली, पाटी उलटी करायचं कुणाला सुचलं... काहीच नाही.”

“लिव मंग. तुला ठावं हाय ना?”

मी लिहायला लागले. आई एकेका चुकीला ‘हं’ म्हणत होत्या, समजलं नाही तर पुन्हा सांगायला लावत होत्या. मधे उठून त्यांनी चहा केला. एका ठिकाणी मी म्हटलं, हे किरकोळ आहे, सोडून देऊ, तर म्हणाल्या, “त्यानं तुजं सोडलं हुतं का?” दुपार कलली तेव्हा एकोणीस चुका झाल्या होत्या आणि सगळ्या दुरुस्त झाल्या होत्या. मी शेवटचं पान त्यांना वाचून दाखवलं. त्यावर त्याचं नाव होतं, त्यानं काय काय केलं ते होतं, फोन नंबर होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“आता धाडायला हरकत न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.